मुलास सायकल शिकवितांना

उन्हाळ्याची सुटी लागली कीं शहरांतील कित्येक कुटुंबें कोंकणांत आजोळीं जातात. परीक्षेचा ससेमिरा नाहीं, वडिलांस कचेरीची घाई नाहीं, आणि ओहोटीच्या वेळीं ओलाव्यानें घट्ट झालेली पुळण समोर पसरलेली. मुलास सायकल शिकविण्यास याहून योग्य स्थळकाळ मिळणें कठीण. तरीही पुष्कळदां हा उद्योग दोन दिवसांत रडारडींत संपतो. तोल कसा राहतो हें शिकविणाऱ्यासच ठाऊक नसतें, हें त्याचें एक कारण.

चालती सायकल बळानें धरून ठेवल्यामुळें उभी राहत नाहीं. ती ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस हँडल किंचित् वळविलें म्हणजे चाकें पुन्हा भाराखालीं येतात व तोल सांवरतो. तळहातावर काठी उभी तोलणारा मुलगा काठी झुकेल तिकडे हात नेतो, त्यांतलाच हा प्रकार. मात्र याला थोडा वेग लागतो; अगदीं मंद गतींत सराईत स्वारही डगमगतो. मागें जोडलेलीं आधाराचीं छोटीं चाकें येथें उपयोगीं पडत नाहींत. तीं सायकल कलूंच देत नाहींत. मग कललेली सायकल सांवरण्याचा अभ्यास व्हावा कसा?

जर्मनींतील कार्ल ड्राइस यांनीं इ. स. १८१७ सालीं जी दुचाकी चालविली, तिला पायडलें नव्हतीं. स्वार जमिनीस पायांनीं रेटा देत जाई. तोल आधीं साधला, पायडलें कांहीं दशकांनंतर आलीं. मुलानेंही याच क्रमानें जावें. बैठक इतकी खालीं घ्यावी कीं दोन्ही पाउलें जमिनीस सपाट टेकतील. पायडलें काढून ठेवावीं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें पाना हातीं घेतांना विसरूं नये. डोक्यास शिरस्त्राण घालून प्रथम ब्रेक दाबून थांबण्यास शिकवावें. मग मुलानें पायांनीं रेटत चालावें, पुढें पाय उचलून जाववेल तितकें जावें. पंधरावीस पावलांचें अंतर पाय न टेकतां जातां येऊं लागलें कीं पायडलें पुन्हा बसवावीं. नजर पुढच्या चाकावर नसावी, दूरच्या माडावर असावी. घरीं आल्यावर सायकल गोड्या पाण्यानें धुऊन, पुसून साखळीस तेल द्यावें. खारें पाणी लोखंड खातें.

धरावयाचें झाल्यास हँडल धरूं नये, मुलाच्या खांद्यांस पाठीमागून हलका हात असावा. आणि तो हात चोरून काढूं नये. आठ वर्षांच्या एका मुलीस वडील "सोडत नाहीं हं" असें म्हणत राहिले व हळूच थांबले. मुलीनें मागें वळून पाहिलें, वडील वीस पावलें दूर दिसले, आणि ती पडली. गुडघा जरासाच खरचटला होता. पण दुसऱ्या दिवशीं ती सायकलीजवळ जाईना. "बाबा सोडत नाहीं म्हणाले होते," एवढेंच ती आजीस सांगे. वडिलांनीं चूक कबूल केली व पुढें न विचारतां हात काढणार नाहीं असें वचन दिलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं बराच वेळ ते तिच्यामागें धांवले. शेवटीं तीच म्हणाली, "बाबा, आतां सोडा."

कित्येक मुलें एका सकाळींच शिकतात, कांहींस सारी सुटी लागते. यांत कमीपणा कांहींच नाहीं. हात केव्हां काढावा तें मुलास सांगूं द्यावें. पडण्याची भीति त्याला असते, म्हणून तो निर्णयही त्याचाच असावा.