अतिदक्षता विभागातील ‘ताळा’

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अगदी उत्तरेकडचे गाव. पलीकडे लगेच गुजरातचा उंबरगाव तालुका सुरू होतो. झाई, बोर्डी, घोलवड या पट्ट्यातील एखाद्या घरी मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो दिशेचा. गाडी वापी-वलसाडकडे न्यायची, की विरार-मुंबईकडे? दिशा कोणतीही ठरो, प्रवास बहुधा एकाच दारापाशी संपतो. त्या दारावर ‘अतिदक्षता विभाग’ अशी पाटी असते आणि बाहेरच्या बाकावर घरचे लोक असतात. दाराआड आपल्या माणसाची सुरक्षितता कशावर अवलंबून असते, याचा विचार मात्र माणूस आत गेल्यानंतरच सुचतो.

पालघर जिल्ह्याला हा विचार एका पहाटेने करायला लावला. २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे तीनच्या सुमारास विरार येथील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी १३ कोविड रुग्णांचा मृत्यू झाला. वातानुकूलन यंत्रणेतून आग सुरू झाल्याचे प्राथमिक माहितीत सांगण्यात आले. दोनच दिवस आधी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला होता व २२ रुग्ण दगावले होते. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षातील आगीत १० बालके गेली. या तिन्ही ठिकाणी ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाले होते, त्या आजाराने हे मृत्यू ओढवले नव्हते. ज्या यंत्रणेवर त्यांचा जीव अवलंबून होता, तीच निकामी झाली किंवा उलटली.

अतिदक्षता विभागाची रचनाच अशी असते की तेथे लहान दोषही मोठा ठरतो. खिडक्या बंद, वातानुकूलन अहोरात्र चालू, हवेत प्राणवायूचे प्रमाण अधिक, विजेचा भार जास्त आणि रुग्ण स्वतः उठून बाहेर पडू न शकणारे. आगीसारख्या घटना वर्तमानपत्रात येतात. औषधाच्या मात्रेतील चूक, नळीवाटे होणारा जंतुसंसर्ग, पाळी बदलताना सांगायची राहून गेलेली सूचना यांची बातमी होत नाही.

जेरुसलेम येथील एका अतिदक्षता विभागात झालेला व १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. तेथे एका रुग्णावर दिवसाकाठी सरासरी १७८ कामे होत आणि त्यांत १.७ चुका आढळत. म्हणजे ९९ टक्के काम बिनचूक. परंतु उरलेला एक टक्का रोज, प्रत्येक खाटेपाशी घडत होता. आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याला सहज उमगेल अशी आहे. डॉक्टर व परिचारिका यांच्यातील तोंडी बोलणे एकूण कामांत अवघे २ टक्के होते, पण ३७ टक्के चुकांशी त्याचा संबंध होता. तोंडी सौद्यात घोटाळा होतो, तो येथेही होतो.

मापाचेही तसेच. आपल्याकडे इन्सुलिन ४० व १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांत मिळते आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने भरले, तर मात्रा अडीचपट जाते. देणारा प्रामाणिक असतो, औषध अस्सल असते; चुकते ते माप.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. अमेरिकेतील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालण्यापूर्वीची पाच साधी कामे कागदावर मांडली : हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपलेली नळी त्वरित काढणे. एखादी पायरी गळाली, तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक विभागांत ही पद्धत राबवली गेली; दीड वर्षात नळीमुळे होणारे रक्तातील संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. हा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. पाचांपैकी एकही गोष्ट नवी नव्हती. नवा होता तो ताळा. एकाने केलेले काम दुसऱ्याने पडताळायचे, हा पेढीवरचा आणि बँकेतील जुना शिरस्ता रुग्णशय्येपाशी आला, एवढेच.

कुटुंबीयांनाही या ताळ्यात स्थान आहे. घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या औषधांची, मात्रांची व ॲलर्जीची यादी लिहून तयार असावी. राज्याची सीमा ओलांडून रुग्ण हलवताना आधीच्या रुग्णालयाचा लेखी सारांश, दिलेली औषधे व वेळा सोबत न्याव्यात. डॉक्टरांशी बोलायला घरातील एकच व्यक्ती नेमावी आणि तिने रोज नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात : आज उपचारांत काय बदलले? कोणती नळी आता काढता येईल? उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

आणखी एक जबाबदारी समाजातील दात्यांची व विश्वस्तांची आहे. व्यापारी घराण्यांच्या देणगीतून अनेक रुग्णालये उभी राहिली आहेत. देणगी देताना यंत्राकडे लक्ष जाते, कारण यंत्रावर नाव कोरता येते. वायरिंगची तपासणी, प्राणवायूच्या वाहिनीची देखभाल, रात्रपाळीची जादा परिचारिका यांवर नावाची पाटी लागत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. विश्वस्तांच्या बैठकीत हिशेबाबरोबर तेही पटलावर मागवले जावे.

दिवाळीला वही बंद करताना एका रुपयाचा फरक राहिला, तरी तो सापडेपर्यंत जुना मुनीम उठत नसे. रुपया कोणी खाल्ला, हा संशय त्यामागे नसे. फरक कोठे पडला, हे कळणे त्याला आवश्यक वाटे. अतिदक्षता विभागातील प्रत्येक चुकीकडे त्याच चिकाटीने पाहिले गेले, तर बाहेर बाकावर बसलेल्या कुटुंबाचा भरवसा केवळ नशिबावर राहणार नाही.