शेततळ्याचे प्लॅस्टिक अस्तर : निवड व बदल

पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात फळबागायतदाराची खरी शिल्लक म्हणजे शेततळ्यातील पाणी होय. पावसाळ्यात विहिरीतून अगर ओढ्यातून उपसून साठविलेले हे पाणी चैत्र-वैशाखात द्राक्षे, डाळिंब, मोसंबी यांच्या बागा जगविते. मुरमाड जमिनीत ते मुरून जाऊ नये म्हणून तळ्यास प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. शेतकरी त्यास ‘कागद’ म्हणतात. हा कागद कायमचा नव्हे. ऊन, उंदीर व अणकुचीदार दगड यांमुळे तो केव्हा ना केव्हा निकामी होतोच. नवा कागद किती टिकेल हे त्याच्या किमतीइतकेच त्याखालील जमिनीच्या तयारीवर अवलंबून असते, हे प्रारंभीच ध्यानात घेणे इष्ट होय.

गळती की बाष्पीभवन?

पाणी उतरू लागले म्हणजे कागद फाटला, असे लगेच समजू नये. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेही पुष्कळ पाणी जाते. 30 मीटर लांब व 30 मीटर रुंद अशा भरलेल्या तळ्याची पातळी 1 सेंटिमीटरने उतरली तर सुमारे 9,000 लिटर पाणी कमी होते. खात्री करण्यासाठी एक बादली तळ्यातील पाण्याने भरून दोरीने तळ्यातच टांगून ठेवावी. तिचा काठ पाण्याबाहेर असावा व आतबाहेर पाणी एकाच पातळीस असावे. दोन दिवस उपसा बंद ठेवून दोन्ही पातळ्या मोजाव्यात. तळ्याची पातळी बादलीतील पाण्यापेक्षा अधिक उतरली तर गळती आहे असे समजावे. ज्या पातळीवर हे उतरणे मंदावते, तिच्या आसपास छिद्र शोधावे.

डागडुजी केव्हा, बदल केव्हा?

छिद्रे मोजकी असून कागद लवचिक असेल तर त्याच जातीच्या कागदाचे ठिगळ उष्णतेने सांधून घ्यावे. साधा डिंक या प्लॅस्टिकला धरत नाही. बांधावरील उघडा भाग दुमडून पाहावा. घडीवर तडे जात असतील व पाण्याच्या पातळीवरील भाग ठिकठिकाणी चिरला असेल, तर ठिगळांवर पैसा न दवडता कागद बदलणेच हितावह ठरते.

निवड व मोजमाप

मोठ्या तळ्यासाठी 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, भारतीय मानक 15351 चे चिन्ह असलेला कागद घ्यावा. पावतीवर जाडी, क्षेत्रफळ व हमीची मुदत लिहून घ्यावी.

क्षेत्रफळ अंदाजाने सांगू नये. टेप एका बांधापासून उतारावरून तळापर्यंत, तळावरून पलीकडे व समोरच्या उतारावरून वर असा न्यावा. उदाहरणार्थ, 30 × 30 मीटर तोंडाच्या, 3 मीटर खोल व 1:1 उताराच्या तळ्याचा तळ 24 मीटर असतो व प्रत्येक उताराची लांबी 4.24 मीटर भरते. बेरीज 32.48 मीटर होते. बांधावरील चरासाठी दोन्ही बाजूंस दीड-दीड मीटर धरल्यास 35.5 मीटर लागतात. म्हणजे एकंदर कागद सुमारे 1,260 चौरस मीटर लागेल.

जमिनीची तयारी व अंथरणी

तळ्यातील पाणी सर्वांत कमी असते तेव्हा, पावसाळ्यापूर्वी, हे काम उरकावे. जुना कागद पूर्ण काढावा. तो तसाच ठेवल्यास खालची उंदरांची बिळे दिसत नाहीत. बिळे व भेगा माती ठासून बुजवाव्यात. दगड, मुळ्या व खुंट काढून टाकावेत. त्यानंतर चाळलेल्या मऊ मातीचा थर देऊन तो चोपावा.

वारा नसताना, सकाळच्या थंड वेळी कागद अंथरावा. तो ताणून बसवू नये, थोडा सैल ठेवावा. त्यावर अनवाणी चालावे. कडा चरात पुरण्यापूर्वी तळात थोडे पाणी सोडावे, म्हणजे कागद जमिनीवर नीट बसतो. बांधावरचे पाणी कागदाखाली शिरणार नाही असा बाहेरून उतार द्यावा. जुना कागद जाळू नये. भंगार घेणाऱ्यास द्यावा.

जिवाची काळजी

ओला कागद अत्यंत निसरडा असतो. त्यावर शेवाळ धरल्यास पोहणाऱ्यासही वर येता येत नाही, आणि शेततळ्यांत मुले बुडून मृत्यू पावल्याच्या घटना वारंवार घडतात. कागद बदलताना कुंपण काढले जाते, ते परत घालण्याचे राहून जाते. यास्तव पाणी भरण्यापूर्वीच चोहोबाजूंनी कुंपण घालावे. प्रत्येक बाजूस गाठी मारलेला जाड दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडावा व हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कागदाची पाहणी करताना या तीन गोष्टीही अवश्य पाहाव्यात. कुंपण व दोर नाहीत तोवर तळे पूर्ण झाले असे मानू नये.