मकबऱ्याच्या दारावरचे नाव

औरंगाबादचा बीबी का मकबरा आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. त्याच्या दारावरच्या पितळी पत्र्यात अताउल्लाह हे नाव कोरले आहे, ते मात्र थोडेच वाचतात. ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे हे चिरंजीव. मकबरा उभारण्याच्या कितीतरी आधी, हिजरी १०४४ म्हणजे इ. स. १६३४-३५ मध्ये, त्यांनी भास्कराचार्यांच्या संस्कृत ‘बीजगणिता’चा फारसी तर्जुमा करून तो शाहजहानला अर्पण केला होता. अकबराच्या दरबारातील फैझीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली होतीच. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाची वेळ टळली, ही प्रसिद्ध गोष्टही फैझीच्याच प्रस्तावनेतली!

‘बीजगणित’ बाराव्या शतकातले. आज मुले जिथे एक्स, वाय लिहितात तिथे भास्कराचार्य ‘यावत्-तावत्’ आणि मग रंगांची नावे वापरतात : काळा, निळा, पिवळा. त्यांचे एक कोडे मुलांना जरूर घाला. माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले. उरले त्यांचा वर्ग, तितकी माकडे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. कळप केवढा?

उत्तर ५०. पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. पण ५ हेही उत्तर जुळते. एकातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, अधिक एक. भास्कराचार्य हे दुसरे उत्तर सांगतात आणि सोडून देतात, कारण उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही. हिशेब बरोबर असूनही माणसाला विचारून उत्तर निवडणारा हा गणिती मला फार आवडतो.

मग उणे म्हणजे नेमके काय? इ. स. १६०० च्या सुमारास काशीत कृष्ण दैवज्ञ यांनी ‘बीजगणिता’वर टीका लिहिली, त्यात याचा खुलासा आहे. घराणे मूळचे विदर्भातले. ते म्हणतात, पूर्वेला जाणे धन धरले तर पश्चिमेला जाणे ऋण. तसेच पुढचा काळ आणि मागचा काळ, मालकीची वस्तू आणि देणे. याच कृष्ण दैवज्ञांनी ज्योतिषावरच्या दुसऱ्या एका टीकेत उदाहरणासाठी कुंडली घेतली ती अब्दुर्रहीम खानखानांची.

१८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची यांनी ‘बीजगणित’ इंग्रजीत नेले, तेही अताउल्लाह यांच्या फारसीवरून. संस्कृतवरून केलेला कोलब्रुक यांचा इंग्रजी अनुवाद त्यानंतर चार वर्षांनी आला.