जुन्नरचा घोडा आणि देवाचे नाव

अफनासी निकितीन हा त्वेरचा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास कमी. अरबस्तान-इराणकडून जहाजाने येणाऱ्या घोड्यांना म्हणूनच मोठी किंमत यायची. पाली, उमरी असे मुक्काम करत तो घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. रोजचा पाऊस आणि जिकडेतिकडे चिखल, हे त्याने लिहून ठेवले आहे.

जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते आणि तिथला अंमल असदखानाकडे होता. खानाने घोडा काढून घेतला. मालक मुसलमान नसून ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्याने अट घातली: इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाही तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची. त्या चार दिवसांत खोजा महंमद नावाचा खुरासानी मुसलमान जुन्नरला आला. निकितीनने त्याची विनवणी केली. खोजा खानाकडे गेला, धर्मांतराची मागणी त्याने सोडायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. पुढे निकितीनने आपल्या देशबांधवांना बजावले आहे की, हिंदुस्थानात व्यापाराला जायचे तर धर्म घरी ठेवून जा. तरी त्याच प्रवासवर्णनाच्या शेवटी या सनातनी ख्रिस्ती माणसाने अरबी-तुर्की शब्दांत अल्लाची प्रार्थनाही लिहिली आहे!

जुन्नरचा इतिहास सांगताना आपण शिवनेरीवर चढतो, लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजतो, पण हा प्रसंग क्वचितच कुणी सांगतो. धर्माच्या नावाने होणाऱ्या सक्तीची सगळी यंत्रणा त्यात उघडी पडते. घोडा आधी गेला, धर्म नंतर आला. खानाला घोडा हवा होता. त्यासाठी लागणारे कारण त्याला निकितीनच्या श्रद्धेत सापडले. आणि त्याला अडवणारा निघाला त्याच्याच धर्माचा माणूस. तिथे एखादा ब्राह्मण किंवा ख्रिस्ती मध्यस्थीला गेला असता तर खानाने त्याला दारातूनच परतवले असते. खोज्याला काफिर म्हणून उडवून लावण्याची सोय नव्हती.

शिवनेरीवरच्या कोळी चौथऱ्यापाशी हेच उलट्या बाजूने दिसते. सतराव्या शतकाच्या मध्याला मोगलांनी जमिनीची मोजणी करून नवा सारा बसवला, तेव्हा महादेव कोळ्यांनी सरनाईकाच्या पुढारपणाखाली बंड केले. ते मोडून काढताना जी कत्तल झाली, तिची खूण म्हणजे हा चौथरा. कारण महसुलाचे होते. आज मात्र तिथे फोटो काढणाऱ्या अनेकांना ही गोष्ट हिंदू-मुसलमानांची म्हणूनच ठाऊक असते. मारणाऱ्यांचा धर्म लक्षात राहिला, मोजणीची साखळी विसरली गेली. बंड करणारे डोंगरातले आदिवासी होते, हे तर त्याहून आधी विसरले गेले.

निजामशाहीची सुरुवातही इथलीच. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभारले ते जुन्नरच्या बळावर. त्याचा बाप मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, असे फरिश्ता सांगतो. या घराण्याच्या काळात धर्माच्या नावाने सर्वांत भयंकर रक्त सांडले ते मुसलमानांनी मुसलमानांचे. १५८९ मध्ये अहमदनगरात परदेशी मुसलमानांची कत्तल झाली, त्यानंतर जमालखानाने महदवी पंथ राज्याचा पंथ केला आणि दोन वर्षांत तोही रोहणखेडच्या लढाईत मारला गेला. देवासाठी उपसलेली तलवार घरातल्याच माणसांवर चालते, याची उदाहरणे युरोपातही त्याच शतकात ढिगाने सापडतात. पॅरिसमध्ये १५७२ साली कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची केलेली कत्तल त्यातली सर्वांत माहितीची.

मग या तालुक्यात इतके धर्म शतकानुशतके एकत्र राहिले कसे? उत्तर मला नाणेघाटात आणि कागदाच्या कारखान्यात सापडते. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य, लोकपाल यांना वंदन आहे आणि वैदिक यज्ञांत दिलेल्या गायी-दक्षिणेचा हिशोब आहे. त्याच घाटाने वर आलेल्या मालावर पैसे मिळवणाऱ्या लोकांनी जुन्नरभोवती बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदवून घेतली. पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दान करणाऱ्यांत यवनही आहेत, म्हणजे ग्रीक वंशाचे लोक. पुढे मानमोडीत अंबिका आली, तुळजा लेण्यात तुळजादेवी आली, लेण्याद्रीच्या मोठ्या विहारात भिक्षूंच्या मधल्या खोल्या जोडून गिरिजात्मज गणपती बसला. जुन्नरी कागद बनवणारे कागदी मुसलमान. त्यांच्या कागदावर पेशव्यांचे दप्तर लिहिले गेले. इथे कुणी सहिष्णुतेवर व्याख्यान दिले नाही. घाट बंद पडला तर सगळ्यांचेच नुकसान होते, एवढे पुरेसे होते.

मात्र हे चित्र फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. लेण्याद्रीचा विहार देऊळ झाला, त्याला भिक्षूंची संमती कुणी घेतली असेल असे मला वाटत नाही. तोवर ते तिथून गेले होते, एवढेच.

ओतूरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, म्हणून जास्त बोलकी. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला मांडवीकाठी आहे. परंपरेनुसार केशव चैतन्य तेच बाबाजी, आणि त्यांचे गुरू राघव चैतन्य. गुरुशिष्य फिरत फिरत गुलबर्ग्याकडे गेले, राघव चैतन्यांनी कर्नाटकातल्या आळंद इथे समाधी घेतली आणि शिष्य ओतूरला परतला. आळंदची ती समाधी आज लाडले मशायख दर्ग्याच्या आवारात आहे. तिथे उरूसही होतो आणि शिवलिंगाची पूजाही. इतकी वर्षे हे चालत आले होते. २०२२ च्या महाशिवरात्रीला मात्र तिथे दगडफेक झाली, दीडशेहून अधिक लोकांना अटक झाली. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पंधरा जणांना ठरावीक तासांत पूजा करायची परवानगी दिली आणि उरसाच्या विधींना सकाळची वेळ ठरवून दिली.

तुकोबांच्या गुरूचा गुरू जिथे निजला, तिथे आता घड्याळ आणि पोलीस लागतात. पूजा कुणी केव्हा करायची हे पूर्वी आवारातली माणसे आपसात ठरवत. आता कोर्ट ठरवते. कोर्टाचा निकाल मला योग्यच वाटतो, पण कोर्टात जावे लागले तिथेच काहीतरी हरवले होते. वारीत माउली-तुकाराम म्हणत चालणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना आळंदचे नाव ठाऊक आहे?

आणि पुणे जिल्ह्यात राहून डॉ. नरेंद्र दाभोलकरांना वगळून या विषयावर लिहिता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, इतर तिघे पुराव्याअभावी सुटले. दाभोलकर देव मानणाऱ्यांशी भांडत नव्हते, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्यांशी भांडत होते, आणि भांडत होते ते आपल्याच समाजाशी. तोच त्यांचा गुन्हा ठरला. परक्या धर्माचा टीकाकार मारेकऱ्यांना उपयोगी पडतो, घरातला टीकाकार अडचणीचा असतो. असदखानाला खोजा मिळाला; दाभोलकरांच्या मारेकऱ्यांपाशी वेळेवर जाऊन ‘अरे थांब’ म्हणणारा त्यांच्याच गोटातला कुणी मिळाला नाही.

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरला सप्टेंबर २०२५ मध्ये दर्ग्याच्या दुरुस्तीत भिंतीचा भाग पडला, आत भुयारासारखी पोकळी दिसली आणि बघता बघता तणाव झाला, बंदोबस्त लागला. खाली काय आहे हे पुरातत्त्ववाल्यांनी सांगायचे. पण ज्या भागात विहारात गणपती आहे आणि किल्ल्यावर शिवाई देवीबरोबर कमानी मशीदही आहे, तिथे खाली काय होते हा प्रश्न एकदा सुरू झाला की तो कुठल्या थरापर्यंत खणायचा, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा होतो, दोन्हीकडचे पुढारी समोरच्यांनी काय करू नये ते सांगतात, फोटो निघतो. मला वाटते बैठकीची रीतच उलटी करावी. प्रत्येकाने फक्त आपल्या पोरांबद्दल बोलावे: आपल्या मंडळाचा डीजे मशिदीसमोर कोण बंद करणार, आपल्यातल्या कुणाचे चिथावणीचे स्टेटस कोण उतरवायला लावणार. असा एखादा माणूस बहुतेक गावांत असतो. मंडळाची पोरे त्याला गद्दार म्हणतात, आणि पुढच्या निवडणुकीत तिकीट वाटताना त्याचे नाव कुणी घेत नाही.