गेमिंग मॉनिटर आणि कार्यालयीन मॉनिटर : देवनागरी वाचनाच्या संदर्भात एक तुलनात्मक विवेचन

बीजसंज्ञा : मॉनिटर, रिफ्रेश रेट, बिंदुघनता, देवनागरी लिपी, ऑनस्क्रीन मूल्यांकन

प्रस्तावना :

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची नांदेड येथे स्थापना १९९४ साली झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद अर्थात 'नॅक' अस्तित्वात आली. त्या काळी महाविद्यालयाचा कारभार बहुतांशी कागदावर चालत असे. आज चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी देखील प्रवेश, अंतर्गत गुण, 'नॅक'चा स्वयंमूल्यमापन अहवाल आणि २०१०-११ पासून सुरू झालेल्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती ही सर्व कामे संगणकाच्या पडद्यावर करावी लागतात. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांचे ऑनस्क्रीन मूल्यांकन सुरू केले, तेव्हापासून तपासणीचे काम देखील पडद्यावर येऊ शकते हे स्पष्ट झाले. साहजिकच प्राध्यापकांच्या डोळ्यांचा पडद्याशी येणारा संबंध वाढत चालला आहे. असे असताना मॉनिटरची खरेदी मात्र बहुधा इंच आणि किंमत एवढ्याच निकषांवर होते. जाहिरातीतील मोठ्या आकड्यांमुळे गेमिंग मॉनिटर श्रेष्ठ असावा, असाही समज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची तांत्रिक अंगाने तपासणी केली आहे.

गती : खेळाची गरज

पडद्यावरील चित्र एका सेकंदात किती वेळा बदलते, त्यास रिफ्रेश रेट म्हणतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झवर ६.९, तर २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंद. वेगवान खेळात प्रतिस्पर्ध्याची हालचाल काही मिलिसेकंद आधी दिसणे निर्णायक ठरते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकाच्या खेळाचा दर्जा मिळाला होता. त्यामुळे ही गरज काल्पनिक मानता येत नाही. बिंदूचा रंग किती लवकर बदलतो हा रिस्पॉन्स टाइम आणि ग्राफिक्स कार्डाच्या गतीशी पडद्याची गती जुळवून घेणारी अॅडॅप्टिव्ह-सिंक सुविधा, ही गेमिंग मॉनिटरची आणखी दोन वैशिष्ट्ये होत.

अहवाल किंवा उत्तरपत्रिका वाचताना मात्र पडद्यावरील मजकूर स्थिर असतो. पान सरकवताना अधिक हर्ट्झमुळे थोडा सुखद फरक जाणवतो. अक्षराच्या स्पष्टतेत त्याने भर पडत नाही. जुन्या सीआरटी मॉनिटरवर ६० हर्ट्झला चित्र लुकलुकत असे, म्हणून ८५ हर्ट्झ ठेवण्याचा सल्ला दिला जाई. एलसीडी पटलाचा प्रकाश अशा रीतीने चालत नाही, तरीही 'जास्त हर्ट्झ म्हणजे डोळ्यांना आराम' ही समजूत मागे राहिली आहे.

बिंदुघनता : वाचनाची गरज

एका इंचात किती बिंदू सामावतात, यावर अक्षराची रेखीवता अवलंबून असते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या २४ इंची मॉनिटरवर ही घनता सुमारे ९२ असते. तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले की ती ८२ पर्यंत घसरते. म्हणजे पडदा मोठा होतो, अक्षरही मोठे दिसते. परंतु त्याच्या कडा अधिक खडबडीत होतात. २७ इंचांवर २५६० गुणिले १४४० बिंदू असल्यास घनता १०९ आणि ३८४० गुणिले २१६० म्हणजे 'फोर-के' असल्यास १६३ होते.

देवनागरीच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर अक्षराखाली उकार आणि जोडाक्षरांचे अवयव येतात. विंडोजच्या मूळ मापानुसार १२ पॉइंटच्या अक्षराला एकूण १६ बिंदूंची उंची मिळते. त्यातून या सर्व चिन्हांना जागा द्यायची म्हटल्यावर अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक-दोन बिंदू येतात. 'वश' आणि 'वंश', 'मद' आणि 'मंद' यांतील भेद तेवढ्यावर तोललेला असतो. २७ इंची फोर-के मॉनिटरवर १७५ टक्के स्केलिंग ठेवल्यास त्याच अक्षराचा प्रत्यक्ष आकार जवळजवळ तेवढाच राहतो. मात्र त्यासाठी १६ ऐवजी २८ बिंदू उपलब्ध होतात.

पडद्याच्या उंचीचाही विचार करावा लागतो. ए-४ कागदाची उंची २९.७ सें.मी. असते. २४ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ३० सें.मी. असल्याने, वरखालच्या पट्ट्या वगळता उत्तरपत्रिकेचे पूर्ण पान मूळ आकारात मावत नाही. २७ इंची पडद्याची उंची ३३ सें.मी.हून अधिक असते व त्यावर अशी दोन पाने शेजारी-शेजारी मावतात.

पटलाचा प्रकार व इतर बाबी :

टीएन पटल वेगवान असते, परंतु बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. प्रवेशाच्या खिडकीवर लिपिक व विद्यार्थी एकाच पडद्याकडे पाहतात, तेथे ते गैरसोयीचे ठरते. व्हीए पटलात काळा रंग गडद दिसतो; खेळ व चित्रपटांस ते अनुकूल होय. आयपीएस पटल सर्व बाजूंनी सारखे दिसत असल्याने कार्यालयीन कामासाठी अधिक योग्य आहे. उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड हाही चैनीचा भाग समजू नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी आणि अंतर ५० ते ७० सें.मी. असावे. मराठवाड्यातील प्रखर उन्हाचा विचार करता पडदा मॅट असावा व खिडकीशी काटकोनात ठेवावा. जोडणीकडेही लक्ष हवे. चांगला मॉनिटर जुन्या व्हीजीए केबलने जोडल्यास अक्षरे धूसर होऊ शकतात, तर जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के चित्र ३० हर्ट्झपुरतेच मर्यादित राहते.

येथे एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते व डोळे कोरडे पडतात. कोणताही मॉनिटर हे टाळू शकत नाही. निळा प्रकाश रोखणाऱ्या चष्म्यांमुळे डोळ्यांचा ताण अल्पकाळात कमी होत असल्याचे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसून आले नाही. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहणे, हा बिनखर्चाचा उपाय म्हणून सुचविला जातो.

निष्कर्ष :

गेमिंग मॉनिटरमध्ये किंमत प्रामुख्याने गतीसाठी मोजली जाते. वाचनाला हवी असते ती घनता, उंची आणि स्थिर प्रकाश. म्हणून कार्यालयासाठी २४ इंची, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा आयपीएस मॉनिटर पुरेसा होय. मूल्यांकन, संशोधन व मराठी मजकुराचे संपादन यांसाठी २७ इंची, किमान २५६० गुणिले १४४० बिंदूंचा मॉनिटर घ्यावा. अधिक हर्ट्झचे मॉनिटर गेम-निर्मितीचे शिक्षण दिले जात असेल, तेथील प्रयोगशाळेपुरते मर्यादित ठेवावेत. खरेदी समितीने दरपत्रक मागविताना इंचासोबत बिंदुसंख्या, पटलाचा प्रकार व स्टँड यांचा स्पष्ट उल्लेख करावा आणि नमुना मॉनिटरवर देवनागरीचे एक पान प्रत्यक्ष वाचून पाहावे. अनुस्वार चुकून वाचला गेला, तर त्याचा भार अखेरीस विद्यार्थ्याच्या गुणांवर आणि प्राध्यापकांच्या डोळ्यांवर पडतो.