इंजिन तेच का? – मिलिंदाचा रथ, गोरोबाकाकांचं मडकं आणि आमची मॅटाडोर

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आपण अवयव आणि अवयवी यांच्यापाशी थांबलो होतो. सुटे भाग म्हणजे अवयव, आणि ते जुळून होणारी सबंध वस्तू म्हणजे अवयवी. ही सबंध वस्तू भागांहून वेगळी, खरोखरची असते, की आपण भागांच्या ढिगाला दिलेलं ते एक नाव असतं? हा प्रश्न आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवला. उदाहरणं ठरलेली, वस्त्र आणि तंतू, घट आणि कपाल. पण निवृत्तीनंतर हाच प्रश्न आमच्या वाड्यातल्या गोठ्यात ग्रीसमध्ये माखून समोर आला. आज त्याचीच हकीकत सांगणार आहोत.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. थोरले बंधू कापडाचा धंदा करायचे. दुकान नाही, आठवडी बाजार. नळदुर्ग, लोहारा, उमरगा असा त्यांचा फेरा. त्यासाठी त्यांनी १९८९ साली मॅटाडोर घेतली. तरुण श्रोत्यांनी कदाचित ही गाडी पाहिली नसेल. पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पो कंपनीनं ती १९६९ मध्ये बाजारात आणली. याच कंपनीची तीनचाकी इतकी चालली की 'टेम्पो' हा शब्दच मराठीत मालवाहू गाडीसाठी रूढ झाला. मॅटाडोरचंही तसंच झालं. पुढे कंपनीनं जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या परवान्यानं ओएम ६१६ नावाचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं. चार सिलिंडर, साधारण २४०० सीसी. मर्सिडीज मोटारीत असलेलं हे इंजिन आमच्या बंधूंच्या कापडाच्या गाठी ओढत होतं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. नाव किल्लारीचं झालं, पण आमच्या जिल्ह्यातलं सास्तूरही तेवढंच उद्ध्वस्त झालं. बंधूंनी उजाडता उजाडता गाडीतल्या गाठी उतरवून ठेवल्या आणि सास्तूरकडे गेले. दोन दिवस ते जखमींना सोलापूरला पोचवत होते. त्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. नंतर एकदाच म्हणाले, "इंजिननं साथ दिली."

बंधू गेल्यावर गाडी गोठ्यात उभी राहिली. पुतण्या भंगारवाल्याला बोलावून बसला होता. आम्ही म्हटलं, थांब, बघू या. कायद्याच्या भाषेत ही 'व्हिंटेज' नव्हे बरं का. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीला ५० वर्षं व्हावी लागतात. आमच्या घरापुरती मात्र ती जुनी ठेव होती.

आता इंजिनाचं दुखणं समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला दाबतो, ती साधारण एकवीस पटींनी आक्रसते आणि नुसत्या दाबानं इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे सगळी मदार त्या दाबावर. दाब टिकतो पिस्टनच्या रिंगांमुळे आणि व्हॉल्व्ह घट्ट बसल्यामुळे. रिंगा झिजल्या की हवा खाली निसटते, सकाळी इंजिन लवकर धरत नाही, ऑइल वर चढून जळतं आणि निळसर धूर निघतो. आमच्याकडे हे सगळं होतं. चालू इंजिनाचं ऑइलचं टोपण काढलं की तिथून वाफाळल्या पातेल्यासारखा धूर फुंकायचा.

मॅटाडोरचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, झाकणाखाली असतं. वजन जवळपास २०० किलो. गोठ्याच्या लोखंडी तुळईला चेन कप्पी लावून आम्ही ते उतरवलं. आम्ही म्हणजे पुतण्या, आम्ही, आणि रोज संध्याकाळी तासभर येणारे गावातले एक म्हातारे मिस्त्री. हेड खोललं. सिलिंडरच्या आत वरच्या बाजूला नख फिरवलं तर अडकलं. तिथं एक कंगोरा तयार झाला होता. सगळ्यात जास्त उष्णता वर, ऑइल पोचतं सगळ्यात कमी तेही वर, म्हणून झीज तिथं जास्त. पिस्टनची सगळ्यात वरची रिंग जिथपर्यंत जाते त्याच्या पलीकडचा काठ मात्र कोरा राहतो. तो कंगोरा म्हणजे मूळ माप. इंजिननं आपला जुना आकार स्वतःच जपून ठेवला होता, म्हणा ना.

मग क्रँक बाहेर काढला. पिस्टनच्या वर-खाली जाण्याचं गोल फिरण्यात रूपांतर करणारा हा दांडा. मिस्त्रींनी तो दोरीनं टांगला आणि लहान हातोडीनं हलकेच ठोकला. घंटेसारखा स्वच्छ आवाज लांबत गेला. म्हणाले, "सर, बोलतोय बगा. तडा असता तर बद्द वाजला असता." बारीक तडा शोधायला वेगळी चाचणी करावी लागते, ती नंतर लेथवर झाली. पण पहिली परीक्षा कानाची.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला इथं तेर आठवल्याशिवाय राहील का? तेरचे गोरोबाकाका थापटण्यानं मडकी पारखायचे आणि संतांच्या मेळ्यात त्यांनी तीच परीक्षा डोक्यांवर घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कच्चं कोण, पक्कं कोण, हे आवाजावरून. मडकं आणि तत्त्वज्ञान यांचा संबंध मात्र एवढ्यावर संपत नाही. भट्टीत भाजल्यावर काळं मडकं लाल होतं. तेव्हा नेमकं होतं काय? वैशेषिक म्हणतात, उष्णतेनं मडक्याचे परमाणू सुटे होतात, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवं मडकं होतं. हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, नाही, मडकं सबंधच राहतं आणि सबंधच भाजतं. हा पिठरपाक. त्यांचा पुरावा काय? भट्टीतून काढल्यावर आपण म्हणतो, 'तेच हे मडकं'. या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात.

आमच्या गोठ्यात उघड उघड पीलुपाक चालला होता. इंजिन पार सुटं होऊन पोत्यांवर पसरलं होतं. आणि पुतण्यानं विचारलं, "काका, सगळंच बदलणार असेल तर बाबांचं काय उरलं?"

त्याचं बरोबर होतं. यादीच करू. पिस्टन, रिंगा, सगळी बेअरिंगं, टायमिंग चेन, दोन व्हॉल्व्ह, नोझल, झाडून सगळी पॅकिंग नवी. उरलं काय? ब्लॉक, पण तो बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा केलेला. क्रँक, पण ग्राइंड करून बारीक केलेला. हेड, कॅमशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड जुने. बोअर, ग्राइंडिंग, पंप आणि नोझलचं काम घरी होत नाही, त्यासाठी सोलापूरच्या चकरा झाल्या. धुणं, मोजणं, जुळवणं घरी.

पुतण्याच्या प्रश्नाला सरकारचं उत्तर तयार आहे. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. ब्लॉक बदलला तर आरटीओत नोंद बदलावी लागते, पिस्टन बदलल्याचं कोणी विचारत नाही. म्हणजे जिथं नंबर तिथं इंजिन! हसू नका, बऱ्याच मोठ्या पंडितांचं उत्तर याहून वेगळं नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. निष्कर्ष असा की, 'रथ' हे भागांच्या आधारानं वापरलेलं नाव आहे. आम्ही पोत्यांवरचे भाग बघून पुतण्याला हेच सांगणार होतो. पण त्याच रात्री आमची फजिती झाली.

झालं असं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या तोंडाला एक अर्धगोल टोपण असतं, क्रँकला कवेत घेणारं. चारही टोपणं आम्ही एकाच घमेल्यात डिझेलनं धुतली. सगळी एकसारखी दिसली. बसवली, बोल्ट कसले, आणि क्रँक फिरेचना. तासभर झटापट. सकाळी मिस्त्री आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "सर, दोनचं टोपण तीनला घातलंय तुमी. हे जोडीनं कापलेलं असतंय. दुसऱ्याच्या अंगाला लागत न्हाई." काजळीखाली रॉडवर आणि टोपणावर नंबर होते. आम्ही घासून पाहिलेच नव्हते. चूक सर्वस्वी आमची.

कारण असं की रॉड आणि टोपण जोडून, कसून, मगच कारखान्यात ते भोक गोल केलेलं असतं. वेगळ्या जोडीत ते गोल राहत नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये साधारण ०.०३ ते ०.०७ मिलिमीटर जागा हवी. केसाच्या जाडीहून जास्त नाही. या फटीत ऑइलचा पातळ थर तयार होतो आणि क्रँक त्यावर तरंगतो. चालताना लोखंडाला लोखंड टेकायला नको असतं. फट कमी पडली तर इंजिन आवळतं, जास्त झाली तर ऑइलचा दाब पडतो आणि ठोके येतात. रिंगेच्या दोन टोकांमध्येही फट लागते, व्हॉल्व्हच्या वरही लागते. थंड इंजिनात हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर, धूर सोडणाऱ्याला ०.३०. धुराचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याला जास्त मोकळीक. महिनाभर फिलर गेज हातात घेऊन आम्ही जे बांधलं, त्यातलं लोखंड बाजारात मिळतं. त्या फटी मात्र जागेवरच मोजून जुळवाव्या लागतात.

आता नागसेनांकडे परत जाऊ. पोत्यावर पसरलेले भाग आणि बांधलेलं इंजिन, भाग तेवढेच. पण न्यायसूत्रांत एक साधा मुद्दा आहे. वस्तू धरता येते, ओढता येते, त्यावरून सबंध वस्तू मानावी लागते. नुसता ढीग एका टोकाला धरून ओढला तर सगळा येत नाही. हा मुद्दा शिकवताना आम्हाला तो नेहमी लंगडा वाटे. त्या सकाळी नाही वाटला. दोनचं टोपण तीनला घातलं, भाग तेवढेच, नावही 'इंजिन'च, पण ते फिरलं नाही. नावानं भागत नाही. भागांमधलं नातं जुळलं तरच अवयवी उभा राहतो.

पण तोच का? नैयायिक इथं कडक आहेत. वस्त्राचा एक तंतू काढला तरी जुनं वस्त्र नष्ट होऊन नवं उत्पन्न होतं, असं ते मानतात. त्या हिशेबानं आमचं इंजिन नवंच. उरतो आधार प्रत्यभिज्ञेचा, 'तेच हे' या ओळखीचा. आणि तिथं आमची दुसरी परीक्षा झाली.

इंजिन गाडीत चढवलं. पंपाचं टायमिंग जुळवलं, पिस्टन अगदी वर येण्याच्या २४ अंश आधी. आधी डिझेल बंद ठेवून नुसतंच फिरवलं, ऑइल सगळीकडे पोचावं म्हणून. मग हीटर, मग स्टार्टर. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरलं. पुतण्यानं गाडी वेशीपर्यंत नेऊन आणली. आम्ही आत जाऊन वहिनींना म्हटलं, "वहिनी, गाडी आली बघा." त्या ओट्यावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आली होय? मला वाटलं दुसऱ्या कुणाची आहे. यांची गाडी कोपऱ्यावर असतानाच कळायची."

आम्ही गप्प झालो. कोपऱ्यावरून कळायचा तो आवाज कशाचा होता, हे आम्हाला आता माहीत होतं. वाढलेल्या फटीचा. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका. ज्या खुणेनं घरातली माणसं इतकी वर्षं बंधूंना ओळखत होती, तो इंजिनाचा आजार होता, आणि तो आम्ही बरा केला होता. हे कोणत्याही सूत्रात आम्ही वाचलं नव्हतं. तो आवाज काही आता परत येत नाही. दुरुस्तीत काहीतरी जातंच, आणि ते जाणार हे आधी सांगायला हवं होतं. वहिनींना आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं.

पुतण्यानं जुनी बेअरिंगं फेकली नाहीत. त्यांवर तांब्याचा रंग उघडा पडला आहे, वरचा मऊ थर पार गेलेला. त्यानं ती एका डब्यात घालून वहिनींच्या हाती दिली आणि म्हणाला, "आई, आवाज ह्यातून यायचा." त्यांनी एक बेअरिंग बोटांनी चाचपलं. डबा आता त्यांच्या कपाटात आहे.

पहिले हजार किलोमीटर गाडीवर ओझं घालायचं नाही, फार पळवायची नाही. नव्या रिंगा आणि नवं बोअर एकमेकांना घासून ओळख करून घेतात. त्या दिवसांत पुतण्या रोज संध्याकाळी गाडी रिकामी फिरवून आणायचा. तिसऱ्या आठवड्यात आम्ही ओट्यावर पेपर वाचत होतो. वहिनी आतून म्हणाल्या, "चहा टाकते, पोरगं आलं." आम्हाला अजून काही ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं कोपऱ्यावर मॅटाडोर वळली.

तेव्हा प्रत्यभिज्ञा ही तयार वस्तू नाही, तीही पुन्हा बांधावी लागते, आणि तिलाही रिंगांसारखाच वेळ लागतो. एवढं तरी या गोठ्यातल्या वर्गात आम्ही शिकलो. इंजिन तेच का, याचं एका शब्दातलं उत्तर आम्ही अजून पुतण्याला दिलेलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. पुढच्या व्याख्यानात समवाय, म्हणजे भाग आणि सबंध यांना जोडणारा तो संबंध, यावर बोलू. येताना घरातली एखादी दुरुस्त केलेली वस्तू आठवून या.