सात वारांचे दगडी देव

मंगळवार मंगळाचा, बुधवार बुधाचा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'ट्यूजडे' टीवचा आणि 'वेन्सडे' वोडनचा, हे मात्र इंग्रज माणसालाही बहुधा समजावूनच सांगावं लागतं. तीनशे वर्षांपूर्वी बकिंगहॅमशरमधल्या स्टो इथल्या लॉर्ड कॉबमने हे सातही सॅक्सन देव दगडात घडवून आपल्या बागेत मांडले.

घराण्याचं आडनाव टेंपल, त्यामुळे बागेत मंदिरांची रेलचेल. पूजा मात्र एकाही मंदिरात नाही. मूर्ती घडवल्या अँटवर्पहून १७२० मध्ये लंडनला आलेल्या मायकेल रिसब्रॅकने, पोर्टलंडच्या फिकट दगडात. बैठकीवर नावं प्राचीन रून लिपीत. सुना, मोना, टीव, वोडन, थुनर, फ्रिगा, सीटर्न. म्हणजे आपले रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, क्रमही तोच.

यातला शनी सगळ्यांत गमतीचा. शनिवारचं इंग्रजी नाव मुळात रोमन सॅटर्नवरून आलेलं. पण १६०५ मध्ये रिचर्ड व्हर्स्टेगनने आपल्या पुस्तकात त्याच्या जागी 'सीटर' नावाचा सॅक्सन देव उभा केला: पायाखाली काटेरी मासा, एका हातात चाक, दुसऱ्या हातात पाण्याची बादली. आपला शनी तेल मागतो, हा पाणी घेऊन उभा! रिसब्रॅकने याच पुस्तकाचा आधार घेतला.

या खटाटोपाचं मूळ भक्तीत नव्हतं, राजकारणात होतं. इंग्रजांचं स्वातंत्र्य सॅक्सन पूर्वजांकडून आलं, अशी कॉबमच्या व्हिग या राजकीय गटातल्या मंडळींची श्रद्धा. म्हणूनच पुढे हे देव 'स्वातंत्र्याचं मंदिर' म्हणवल्या जाणाऱ्या गॉथिक देवळाभोवती नेले. जेम्स गिब्जने १७४१ मध्ये आराखडा केलेलं ते तांबूस दगडाचं देऊळ आजही उभं आहे.

वैभव मात्र टिकलं नाही. १८४८ मध्ये कर्जबाजारी वारसाच्या चीजवस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. १९२१-२२ मध्ये पुन्हा विक्री झाली; त्यात देवांची फाटाफूट झाली. वाड्यात १९२३ मध्ये शाळा भरली. बाग आता नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि तिथे दिसतात त्या प्रतिकृती. त्या देखण्या आहेत, पण छिन्नीचा हात पाहायचा तर मूळ मूर्तीच पाहायला हवी.

लंडनला गेलात तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सुना आणि थुनर भेटतील, आपले रविवार आणि गुरुवार. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.